मागचेकाका पुढे गेले, त्या दिवशी

नाटकातला घोडा म्हणजे आत दोन माणसं असतात, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर आता कळलं, रडत बसू नका. एक माणूस पुढे ताठ उभा राहतो. त्याच्याकडे डोकं, मान, आयाळ, दोरीने हलणारे कान आणि पुढचे दोन पाय. दुसरा त्याच्या मागे कमरेत वाकतो, पुढच्याचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि त्याच्या पाठीवर डोकं टेकवतो. याच्याकडे मागचे दोन पाय, शेपटी, आणि त्यांच्या मधे जे काही असतं ते. ही गोष्ट या दुसऱ्याची आहे.

त्यांना सगळे मागचेकाका म्हणत. पुढे असणारे ते पुढचे आणि मागे असणारे ते मागचे, इतकी साधी पद्धत. कंपनीच्या मालकीणबाईंना दोघांची खरी नावं आठवायला फार वेळ लागला असता, आणि त्यांना वेळ कुठे होता? तिकिटं त्याच विकायच्या, कपडे त्याच शिवायच्या, आणि पडदा वर गेला की दुष्ट राणीही त्याच व्हायच्या.

तर मागचेकाका वीसेक वर्षं घोड्याच्या ढुंगणात होते. हसू नका. तुम्ही हसता म्हणूनच ते कुणाला सांगायचे नाहीत. बसमध्ये शेजारच्याने विचारलं, "काय करता आपण?" की ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "रंगभूमीवर असतो." शेजारचा आदराने जरा सरकून बसायचा. पण एखादा चिकट निघाला आणि "कसल्या भूमिका करता?" म्हणाला, की काकांचा स्टॉप लगेच यायचा. मग भर उन्हात तंगडतोड करत घरी जायचे, पण सांगायचे नाहीत.

आत काळोख. गोणपाटाचा आणि जुन्या सरसाचा वास. त्यात पुढचेंना लसूण भारी प्रिय. दिसायचं तर काहीच नाही, म्हणून खुणा ठरलेल्या होत्या. पुढचे एक हात मागे आणून मागचेकाकांच्या मुठीवर खूण करायचे. थोपटलं म्हणजे चल. चिमटा काढला म्हणजे थांब. गुद्दा घातला म्हणजे मार लाथ. बास. वीस वर्षं मागचेकाकांनी स्वतःच्या डोक्याने एक पाऊल टाकलं नव्हतं. थोपटलं, निघाले. चिमटा, थांबले.

ही सवय हाडात मुरली होती. एकदा पोस्टाच्या रांगेत त्यांनी समोर उभ्या असलेल्या परक्या माणसाचा पट्टा धरला, त्याच्या पाठीवर डोकं टेकवलं आणि निवांत डुलकी काढली. तो माणूस बिचारा घाबरून तसाच उभा. आपला नंबर आला तरी हलेना.

आता लाथेबद्दल सांगतो. नाटकाच्या शेवटी दुष्ट सेनापती चोरलेला मुकुट उचलायला खाली वाकायचा, आणि तेव्हा घोडा त्याला अशी सणसणीत लाथ हाणायचा की सेनापती थेट पडद्याआड. पोरं खुर्च्यांवर उभी राहून किंचाळायची. खरं सांगायचं तर पोरं त्या लाथेसाठीच यायची. राजपुत्राचं गाणं चालू असताना तर निम्मी पोरं बाटलीतलं पाणी एकमेकांवर उडवत बसायची. ती लाथ मागचेकाका काळोखात मारत, न बघता, निव्वळ कानांवर. सेनापती वाकताना त्याचे बूट कुरकुरायचे. कुर्र झालं की काका नेम धरायचे, गुद्दा बसला की पाय उचलायचे, आणि तो बरोबर जिथे बसायला हवा तिथे बसायचा.

पण काकांना त्याचं कौतुक शून्य. "लाथेचं काय एवढं," ते म्हणायचे, "ती गाढवही मारतं." त्यांना हवं होतं तोंड.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोडं अडलं ते नातीपाशी.

नात चौथीत होती आणि घरात तिला चोंबडी म्हणत, कारण तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' लागायचं. ती एवढीशी होती तेव्हा आजोबांच्या मांडीवर बसून तिने विचारलं होतं, "आजोबा, घोड्यात तुम्ही कुठे असता?" आजोबांनी पोरीच्या डोळ्यांत बघितलं, त्यांना 'ढुंगणात' म्हणवेना. ते म्हणाले, "डोक्यात."

झालं. एकदा थाप मारली की तिला दाणापाणी घालावं लागतं. मग कान कसे हलवायचे ते सांगितलं. मग मान कशी ऐटीत वळवायची ते सांगितलं. मग अख्खं थिएटर माझ्याच तोंडाकडे कसं टक लावून बघतं, तेही सांगितलं. चोंबडीने नाटक कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण पडदा पडल्यावर मागे यायचं नाही, असा आजोबांनी सक्त दम भरला होता. कारण विचारलं तर म्हणायचे, "घोडा दमलेला असतो."

आणि एका संध्याकाळी चोंबडी शाळेतून उड्या मारत आली. "आजोबा! रविवारी आमचा अख्खा वर्ग तुमच्या नाटकाला येणार! आणि आमच्या बाईंनी परवानगी काढलीय. नाटक संपलं की आम्ही स्टेजच्या मागे येऊन घोडा उघडताना बघणार!"

मागचेकाकांच्या हातातला चहाचा कप कलंडला. अख्खा वर्ग. घोडा उघडणार. पुढून पुढचे निघणार, आणि शेपटीखालून आजोबा. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सगळ्या जगाने हसावं, त्यांना चाललं असतं. पण त्या पोरीच्या नजरेतून उतरायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ते पुढचेंकडे गेले. पुढचे आरशासमोर गुळण्या करत होते. घोड्याला एकही वाक्य नव्हतं, तरी हा माणूस रोज घसा साफ करायचा.

"रविवारी एक दिवस मला पुढे जाऊ दे," मागचेकाका म्हणाले.

पुढचेंच्या घशातलं पाणी घशातच राहिलं. ठसका लागला, डोळे बाहेर आले. "तुला? पुढे? अरे, डोकं घालायला आधी डोकं असावं लागतं!"

"नातीसाठी रे. तिला मी सांगून बसलोय."

"काय?"

"की मी तोंड आहे."

पुढचे इतके हसले की स्टुलावरून खाली आले. मागचेकाका मान खाली घालून उभे राहिले. "हस बाबा, हस. मी काय तुझं घोडं मारलंय ते कळत नाही. इतकी वर्षं तुझा लसूण खाल्ला नाही, पण पचवला. एकदा एवढं कर."

हे मात्र पुढचेंना लागलं. ते उठले, कपडे झटकले. "बरं. एकच दिवस. मागे काय असतं म्हणा? वाकायचं नि चालायचं. मी झोपेत करीन."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचेंनाही ते पुढे बरेच दिवस लक्षात राहिलं.

रविवार उजाडला. थिएटर खच्चून भरलं. मालकीणबाईंनी घोड्याच्या पोटाचे हूक बाहेरून लावले. दातांत केसांच्या पिना, एक डोळा राणीच्या मुकुटावर, त्यामुळे आत कोण पुढे नि कोण मागे हे त्यांनी बघितलंच नाही. घंटा झाली. घोडा स्टेजवर गेला.

आणि मागचेकाकांना दिसलं!

घोड्याच्या तोंडातल्या जाळीतून त्यांना दिवे दिसले, राजपुत्राच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं, पोरांनी भरलेल्या रांगा दिसल्या. आणि तिसऱ्या रांगेत चोंबडी, दोन वेण्या, गळ्यात पाण्याची बाटली. वीस वर्षं ज्या स्टेजवर ते चालत होते ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांना एकदम भरून आलं.

आता इथे घोड्याने राजपुत्राभोवती फेरी मारायची होती. घोडा जागचा हलेना. का? तर मागचेकाका थोपटण्याची वाट बघत होते. आपणच आज पुढे आहोत, थोपटायचं काम आपलं आहे, हे डोक्याला माहीत होतं हो, पण पायांना कोण सांगणार? राजपुत्राने एक कडवं गायलं. दुसरं गायलं. मग दात आवळून पुटपुटला, "चल की, मेल्या!"

मागे वाकलेल्या पुढचेंना घाम फुटला. हा उभा का? त्यांचा हातही सवयीने आपोआप पुढे गेला आणि त्यांनी मागचेकाकांच्या कमरेवर सपकन थोपटलं. म्हणजे, चल.

मागचेकाका चालू लागले.

अहो, चालू लागले म्हणजे चालूच लागले! राजपुत्राला ओलांडून गेले. राणीच्या सिंहासनाला घासून गेले. समोर काय आहे ते त्यांना छान दिसत होतं, पण चिमटा काढल्याशिवाय त्यांचे पाय कधी थांबले होते का? आणि चिमटा काढणारे पुढचे तर वाकून काळोखात. त्यांना वाटलं, फेरी चालू आहे. त्यांनी आपलं अधूनमधून थोपटायचं काम चोख बजावलं. असा हा घोडा. हुकूम देणाऱ्याला दिसत नाही, आणि दिसणारा हुकमाची वाट बघतोय. पोटात दोघांचीही वाचा बंद, कारण स्टेजवर घोड्याने बोलायचं नाही हा मालकीणबाईंचा कडक नियम.

विंगेत उकडत होतं म्हणून सामान आणायचा मागचा दरवाजा सताड उघडा होता. घोडा त्यातून उतारावरून खाली आला आणि रस्त्याला लागला.

"अरे, हे स्टेज एवढं मोठं कधी झालं?" न राहवून मागून आवाज आला.

"आपण बाहेर आलोय," मागचेकाका म्हणाले.

"बाहेर म्हणजे?"

"म्हणजे समोर न्हाव्याचं दुकान आहे."

तेवढ्यात एका ट्रकने जोरात हॉर्न दिला. पुढचे असे दचकले की त्यांची मूठ वळली आणि मागचेकाकांच्या कमरेत गुद्दा बसला. आता गुद्दा म्हणजे काय? शाबास, तुम्हाला आठवतंय. मागचेकाकांनाही आठवलं. त्यांनी लाथ मारली. फक्त आज त्यांच्याकडे पुढचे पाय होते, त्यामुळे लाथ गेली समोर. आणि समोर दुकानाची पाटी रंगवायला आलेल्या पेंटरची निळ्या रंगाची बादली होती.

काकांचा अनवाणी पाय निळा करून बादली उडाली. थेट दुकानात. निम्मी दाढी झालेलं गिऱ्हाईक निळंजांभळं होऊन बाहेर आलं. नाही, नुसतं निळंच. त्यामागे वस्तरा घेतलेला न्हावी, त्यामागे ब्रश घेतलेला पेंटर. "धरा त्या घोड्याला!" आणि या सगळ्यांच्या आधी, कुठून कोण जाणे, एक मरतुकडं कुत्रं. त्याने बरोबर शेपटीच्या खालची जागा निवडली.

"आई गं!" घोड्याचं ढुंगण बोंबललं. रस्त्यावरच्या एका आजींनी ते ऐकलं आणि त्या घरी गेल्यावर दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. पुढचेंच्या हातून तर आता थोपटणं, चिमटे, गुद्दे सगळं एकदमच सुरू झालं. मागचेकाकांना काय करावं ते कळेना. ते पळत होते, थांबत होते, लाथा मारत होते, असं सगळं एकाच वेळी करत होते. हूक बाहेरून लावलेले, आतून सुटायची सोय नाही. जाळीतून त्यांना भाजीची गाडी दिसली, कपड्यांची दोरी दिसली, मग काहीच दिसेना, कारण दोरीवरची चादर आता घोड्याच्या डोक्यावर होती.

आणि अचानक कुणीतरी लगाम धरला. खसकन एका बोळात ओढून नेलं. चादर निघाली. न्हावी, पेंटर, निळा माणूस बोळावरून धडाधडा पुढे पळून गेले.

लगाम धरून चोंबडी उभी होती. घोडा दारातून बाहेर पडलेला बघून ती तिसऱ्या रांगेतून निसटली होती. तिने भराभर हूक काढले. पुढून आजोबांचं डोकं बाहेर आलं, घामाने थबथबलेलं. मागून पुढचे बाहेर पडले आणि मागची जागा चोळत पायरीवर बसायला गेले, पण बसवेना.

मागचेकाकांना वाटलं, चला, घोड्याची शोभा झाली ती झाली, पण पोरीने मला तोंडातून निघताना तर बघितलं. बाजी जिंकली.

चोंबडीने त्यांच्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

"म्हणजे खरंच तुम्ही तोंडच आहात!"

"अगं, मग? मी सांगत नव्हतो का?"

"मला वाटायचं तुम्ही थापा मारता!" ती हुंदके देत म्हणाली. "तोंड काय करतं? नुसते कान हलवतं! मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय की लाथ माझे आजोबा मारतात. ते तर खोटंच निघालं. म्हणून तर सगळे आलेत, लाथ मारणारा माणूस बघायला! आता घोडा उघडणार आणि तुम्ही तोंडातून निघणार. सगळे मला हसतील!"

 तिकडे पुढचेंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अगं ए पोरी," ते म्हणाले, "हा तर गेली वीस—"

मागचेकाकांनी त्यांच्या पायावर करकचून पाय दिला.

"आजोबा," चोंबडीने नाक पुसलं, "आज एक दिवस तुम्ही मागे जाल? प्लीज! मला माहीत आहे, तुम्हाला कमीपणा वाटेल. पण माझ्यासाठी."

आता या माणसाने काय करावं? खरं सांगून टाकावं की नाही? नाही सांगितलं. उलट भाव खाल्ला. कपाळावर आठ्या आणल्या, मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "कठीण आहे. पण तुझ्यासाठी म्हणून जातो."

पुढचेंनी आकाशाकडे बघितलं. कुत्रं चावल्यावरही त्यांनी असं तोंड केलं नव्हतं.

चोंबडी लगाम धरून घोड्याला मागच्या दाराने घेऊन आली. आत राजपुत्र बिचारा एकच गाणं घोळवून घोळवून घसा बसवून घेत होता. मालकीणबाई राणीच्या वेषात दारात उभ्या. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "कुठे उलथला होतात? आणि हा निळा पाय कुठून आणलात?" उत्तर द्यायला घोड्याला तोंड नव्हतं. म्हणजे होतं, पण नियम आठवा.

मागचेकाका आत वाकले. पट्टा धरला, पुढचेंच्या पाठीवर डोकं टेकवलं. तोच काळोख, तोच लसूण. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा तो वास बरा वाटला. मुठीवर थोपटलं गेलं. घोडा असा डौलात स्टेजवर गेला की पोरांनी टाळ्या पिटल्या. सेनापती आला, खदाखदा हसला, मुकुटाकडे वळला. बूट कुरकुरले. पुढचेंनी गुद्दा घालायच्या आतच पाय उचलला गेला होता.

काय लाथ होती राव! सेनापती पडद्याआड गेला, तिथून विंगेत गेला, विंगेतल्या चहाच्या किटलीवर गेला. पोरं खुर्च्यांवरच काय, एकमेकांच्या खांद्यांवर चढली. निळ्या पायाचा ठसा सेनापतीच्या पांढऱ्या विजारीवर कायमचा उमटला, आणि मालकीणबाईंनी तो पुढे धुऊ दिला नाही.

पडदा पडला. अख्खा वर्ग स्टेजमागे घुसला. हूक निघाले. पुढून पुढचे ऐटीत बाहेर आले, केसांवरून हात फिरवत. त्यांच्याकडे कुत्रं बघेना, मघाचं सोडून. सगळी पोरं शेपटीकडे. मागचेकाका बाहेर आले तर एकाने विचारलं, "कुठला पाय? उजवा की डावा?" दुसरा त्यांच्या पोटरीला बोट लावून बघायला लागला. तिसरी म्हणाली, "नेहमी तुम्हीच मारता?"

"नेहमी तेच मारतात," चोंबडी पटकन म्हणाली. तिचे कान लालबुंद झाले होते. ती खोटं बोलते आहे असं तिला वाटत होतं, आणि ती ते आजोबांसाठी बोलत होती.

ते लाल कान मागचेकाकांनी बघितले. थाप मारताना त्यांचेही अगदी असेच व्हायचे. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की परत घोड्यात शिरून हूक लावून घ्यावेत.

बस स्टॉपवर दोघंच होती. "आजोबा," चोंबडी म्हणाली, "पहिल्याच खेपेला तुमची एवढी भारी लाथ कशी बसली?"

"पहिली नव्हती," ते म्हणाले. "सगळ्या मीच मारल्यात. तू जन्मायच्या आधीपासून. मी कधी तोंड नव्हतोच, बाळा. आजच तेवढा होतो, तुला दाखवायला."

चोंबडीने त्यांची बाही ओढली. "मग मला खोटं का सांगितलंत?"

"लाज वाटायची."

"कसली? लाथेची?" तिला ते काही केल्या समजेना. मग तिने त्यांचा हात धरला आणि मुठीवर असा कडकडून चिमटा काढला की ते ओरडले. "परत माझ्याशी खोटं बोलायचं नाही," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, त्यांचेही.

बस आली. खिडकीशी चोंबडी बसली, मधे काका, आणि त्यांच्या पलीकडे एक जाड चष्म्याचे गृहस्थ. त्यांनी काकांच्या निळ्या पायाकडे बघितलं, शेपटीचे केस चिकटलेल्या शर्टाकडे बघितलं आणि विचारलं, "काय करता आपण?"

मागचेकाकांनी सवयीने खिडकीकडे मान वळवली. मग परत फिरवली.

"घोड्याचं ढुंगण," ते म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

गृहस्थ गडबडले. चोंबडी आजोबांच्या पुढ्यातून त्यांच्याकडे वाकली आणि म्हणाली, "लाथ तेच मारतात."

घराचा स्टॉप येईपर्यंत दोघं बसमध्येच बसून राहिली.